एल्स्पेटसाठी राखलेली टेकडी

हेक्टर राटरे दर रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला येतो. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. दार वाजतं, पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज येतो, आणि मी पातेल्याच्या तळाला लागलेला खिमा खरवडून त्याच्या ताटात वाढते. वरचा चांगला खिमा माझा. त्याला हे कळत नाही असं नाही. पण तो बोलत नाही, आणि बोललाच तर माझ्याकडे उत्तर तयार आहे.

गावात म्हणतात, बेल्डीच्या जिभेला हाड नाही. नसेल. आमच्या एल्स्पेटची जीभ लोण्यासारखी मऊ होती, आणि तिचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मला कुणी गोड बोलायला शिकवू नये.

आम्ही दोघी पोर्टगॅरीच्या. समुद्रकाठचं गाव, हातासारखं सपाट. बाप बोटीवर, आई धक्क्यावर मासे चिरायला. किर्कनीच्या हॉटेलात पोरी हव्यात असं कळलं म्हणून आम्ही इकडे आत आलो. मी स्वयंपाकघरात लागले, एल्स्पेट धुलाईखान्यात. दिवसभर चादरी, अभ्रे, टेबलावरची कापडं. तिच्या इस्त्रीच्या टेबलासमोर एक खिडकी होती, आणि खिडकीत ड्रमॅश.

ड्रमॅश म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. गावामागची टेकडी, झालं. बाहेरचे चढाईवाले तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, पुढच्या उंच डोंगरांकडे गाड्या हाणतात. खाली गवत, मग नेचे, मग हेदरची खुरटी झुडपं, माथ्यावर दगडांची रास. मध्यावर मेंढरांसाठी बांधलेला गोल दगडी मेंढवाडा. आमच्याकडची म्हातारी माणसं न्याहारी करून चढतात आणि जेवायला घरी येतात. ईस्टरला गावातली सगळी पोरं रंगवलेली अंडी घेऊन वर जातात, उतारावरून सोडतात, आणि कुणाचं लांब गेलं यावरून मारामाऱ्या करतात. असली टेकडी.

पण एल्स्पेटने तोवर टेकडी म्हणून काही पाहिलंच नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिने एक चादर जाळली, कारण लक्ष सगळं खिडकीत.

"बेल्डी, वरून समुद्र दिसत असेल का गं? आपला?"

मी आदल्या रविवारी हॉटेलातल्या पोरींबरोबर जाऊन आले होते, तिला त्या दिवशी धुलाईखान्यात काम होतं. सांगायला तोंड उघडलं, तर तिने ओला अभ्रा माझ्या तोंडावरच फेकला.

"सांगू नकोस! मी स्वतः बघणार."

मग पुढच्या रविवारी पाऊस, त्याच्या पुढच्या रविवारी हॉटेलात लग्न, आणि त्या लग्नात तिला हेक्टर भेटला. तिथून टेकडी मागे पडली आणि हेक्टर पुढे आला.

हेक्टर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचा. दिसायला बरा, दारू बेताची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आकडा बघितला, टिपला, की त्याचा जीव शांत. अशा माणसाला कुणीतरी डोंगर मंडळात नेलं, आणि तिथे त्याला यादी मिळाली. मंडळाच्या यादीतला एकेक डोंगर चढायचा, माथ्याला हात लावायचा, खूण करायची. सगळे झाले की मंडळाच्या जेवणात तुमचं नाव पुकारतात, आणि एक टाय देतात. हो, टाय. माणसं टायसाठी काय काय करतात.

लग्नानंतरचा पहिला वसंत. मी त्यांच्याकडे चहाला गेले होते, बाहेर लख्ख ऊन. एल्स्पेट म्हणाली, "हेक्टर, चल की आज ड्रमॅशवर. तिघंही जाऊ."

हेक्टर हसला आणि पलंगाखालून एक खोकं काढलं. आत बुटांचा जोड. चामड्याचे, जाड तळव्याचे, बरोब्बर तिच्या मापाचे. एल्स्पेटने ते छातीशी धरले.

"तुझेच आहेत," तो म्हणाला. "पण आज नाही. अगं, मंडळात रीत आहे. प्रत्येक जण आपली एक सोपी, घराजवळची टेकडी शेवटी ठेवतो. त्या दिवशी घरची माणसं, मित्र, सगळे बरोबर चढतात. वर बॅगपाइप, केक, व्हिस्की. मी ड्रमॅश राखलीय. तुझ्यासाठी. तोवर मी तिच्यावर पाय ठेवणार नाही, तूही ठेवायचा नाहीस. पहिल्यांदा जाऊ ते दोघं एकदमच. दे शब्द."

"आणि यादीत अजून किती आहेत रे?" मी विचारलं.

"आहेत थोड्या."

यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेली होती. भिंत पुरली नव्हती म्हणून खालचा भाग दुमडून ठेवला होता.

एल्स्पेटने शब्द दिला. तोंडभर हसत दिला. मला तेव्हाही राग आला होता, पण खरं सांगते, थोडा हेवाही वाटला. माझ्यासाठी कुणी काही राखून ठेवलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी ठेवलं असेल तर धुणं.

एक गोष्ट मात्र कुणी विचारली नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी लोक सोपी टेकडी ठेवतात. एल्स्पेटला तेव्हा चढवत होतं. शेळीसारखी चढली असती, वर जाऊन नाचून आली असती.

मग वर्षं गेली. रविवार उजाडायच्या आत ती उठायची, त्याचं सँडविच, त्याचा थर्मास, त्याचे वाळवलेले मोजे. तो जायचा, ती दिवसभर घरात. संध्याकाळी तो चिखलाने भरून यायचा, यादीवर खूण करायचा, आणि सूप पिता पिता वारा कुठून होता, वाट कुठे चुकली, माथ्यावर किती वेळ थांबलो, सगळं सांगायचा. ती ऐकायची. मूल झालं नाही. रविवारी तिने नवरा मागितला असता तर कदाचित झालंही असतं, पण असलं मी तिला तोंडावर म्हटलं तेव्हा ती दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

ईस्टरला तीच पोरांची अंडी उकडायची. कांद्याची सालं घालून अशी रंगवायची की सोललेलं संत्रं वाटावं. टोपली घेऊन कुंपणावरच्या लाकडी शिडीपर्यंत यायची, एकेका पोराच्या हातात अंडं द्यायची, आणि शिडीच्या अलीकडेच थांबायची. शिडीपलीकडे ड्रमॅश सुरू होते. खाटीक दरवर्षी तोच विनोद करायचा, "काय एल्स्पेट, तुझा नंबर लागला का यंदा?" बायका खिदळायच्या. "तिला खालून दाखवायला ठेवलीय रे टेकडी, दुकानातल्या केकसारखी!" एल्स्पेटही हसायची. ती हसली की मला त्या सगळ्यांना शिडीवरून ढकलून द्यावंसं वाटायचं.

एकदा मंगळवारी हेक्टर कामावर असताना मी तिचा हात धरून तिला तिथवर ओढत नेलं.

"चल. जाऊन येऊ. कोणाला कळणार आहे?"

तिने शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवला. पाय नाही, हात.

"शब्द दिलाय गं."

"अगं बये, तो शब्द आहे की बेडी?"

"त्यानेही पाळलाय ना. रोज हिच्या पायथ्यावरून कामाला जातो आणि वर जात नाही. मग मी कशी जाऊ?"

आणि हे खरं होतं. तोही गेला नव्हता. बाई बघितली असती, बाटली धरली असती, तर त्याला शिव्या घालणं सोपं होतं. हा माणूस शब्दाचा पक्का. वर्षानुवर्षं, दर वसंतात, तो पलंगाखालचं खोकं काढून ते न घातलेले बूट चरबीने चोळायचा, चामडं तडकू नये म्हणून. एल्स्पेट मला ते कौतुकाने दाखवायची. "बघ, अजून नवे."

मग तिचा श्वास जड व्हायला लागला. आधी जिन्यावर, मग इस्त्री करताना, मग नुसतं बोलतानाही. हॉटेलवाल्यांनी तिला काम सोडायला सांगितलं, निरोपाला उशांचा जोड दिला. डॉक्टर म्हणाला, हृदयाची झडप नीट मिटत नाही. एल्स्पेटने पहिला प्रश्न काय विचारावा?

"ड्रमॅश चढता येईल का?"

डॉक्टर इथलाच, त्याला सगळी कथा ठाऊक. तो म्हणाला, "या उन्हाळ्यात, बसत बसत, हवा चांगली असेल तर जा. पुढच्या उन्हाळ्याचं मला विचारू नका."

मी तिला घरी सोडलं आणि तशीच परसात गेले. हेक्टर दोरीवर मोजे घालत होता.

"हेक्टर, उद्या तिला वर घेऊन जा."

"उद्या? अगं, अजून तीन बाकी आहेत."

"खड्ड्यात गेल्या तिन्ही."

"असं काय बोलतेस! ती शेवटची आहे. आधी केली तर शेवटची कशी होईल?"

"मग दुसरी कुठली तरी कर शेवटची!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चमध्ये थुंकले. "ती तिच्यासाठी राखलीय, बेल्डी. एवढी वर्षं. आणि आता हातातोंडाशी आल्यावर मोडायची? तिला काय वाटेल? डॉक्टर म्हणाला ना, उन्हाळा आहे. मी जुलैत उरकतो सगळं."

आत एल्स्पेट खिडकीपाशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "त्याच्या मनात फार आहे."

"तुझ्या मनात काय आहे ते सांग! तुझ्या डोक्यात मेंदू आहे की उकडलेला बटाटा?"

"इतकी थांबले. अजून थोडं थांबते."

माणसाने इतकं चांगलं असू नये. चांगल्या माणसांचा मला संताप येतो, ती मेल्यावर तर जास्तच.

दोन डोंगर हेक्टरने जूनमध्ये उरकले. तिसरा एका बेटावर. पहिल्या खेपेला वाऱ्यामुळे बोटच सुटली नाही, तो धक्क्यावर रात्र काढून परत आला. दुसऱ्या खेपेला बोट सुटली, तो वर पोचला, पण धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. माथ्यावर दोन उंचवटे, एक जरासा उंच, एक जरासा ठेंगणा. त्याने एकाला हात लावला, दुसऱ्याचा शोध घेत फिरला, सापडला नाही, उतरला. घरी आला तेव्हा ऑगस्ट होता आणि एल्स्पेट पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या झोपायला लागली होती. आडवी झाली की गुदमरायची.

"झालं?" तिने विचारलं. डोळे असे चमकले तिचे.

त्याने टोपी हातात फिरवली. "नाही सांगता येत. बहुतेक ठेंगणा होता तो."

मी म्हटलं, "झालं म्हण! कोण तिथे पट्टी घेऊन बसलंय?"

"कुणी नाही. पण मला माहीत आहे ना."

आणि तो गेला हो परत. सप्टेंबरात पुन्हा बोट, पुन्हा बेट. इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही. चुलीत घाला असला प्रामाणिकपणा.

या वेळी झालं. तो आला, यादीवर खूण केली, एल्स्पेटच्या कपाळाचा मुका घेतला, आणि दोघं रडली. मीही जरा रडले, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, चला, सुटली एकदाची. पण मंडळाचे अध्यक्ष मिस्टर गिलफिलन यांचा फोन आला, की पाइपवाल्याला शनिवारशिवाय सवड नाही. मग शनिवार ठरला.

त्या आठवड्यातला बुधवार असा उजाडला की बघत राहावं. आभाळ धुतल्यासारखं. ड्रमॅशवरची मेंढरं खिडकीतून मोजता यावीत इतकी स्वच्छ हवा. एल्स्पेट खिडकीशी बसली होती, माझ्या हातात तिची औषधं.

"आज वरून समुद्र दिसला असता," ती म्हणाली.

"चल मग. हेक्टरला सांगते, मिस्टर गिलफिलनला सांगते, पाइपवाल्याला सांगते कुठे फुंकायचं ते. चल."

तिने खिडकीच्या चौकटीला हात टेकला. मला वाटलं उठते.

"शनिवारी," ती म्हणाली. "केक सांगून झालाय."

शनिवारी सकाळी हेक्टरने गुडघे टेकून ते बूट तिच्या पायांपाशी ठेवले. चकचकीत, एक सुरकुती नाही. त्याने नाड्या सैल केल्या, बुटाची जीभ ओढून धरली, तिने पाय पुढे केला. पाय गेला नाही. सुजून पावासारखे झाले होते तिचे पाय. त्याने ढकललं, तिने ओठ चावला, मी ओरडले, "अरे थांब, मोडशील तिचं बोट!" तो तसाच बूट हातात धरून बसून राहिला. शेवटी तिने माझे गमबूट घातले, तिच्यापेक्षा दोन मापं मोठे, कोंबड्यांच्या खुराड्यात घालायचे. नव्या बुटांचा जोड हेक्टरने पिशवीत घेतला. का घेतला, त्याचं त्याला ठाऊक.

शिडीपाशी मंडळ जमलेलं. चांगली पंधरावीस माणसं, पाइपवाला किल्ट घालून, मिस्टर गिलफिलन केकचा डबा घेऊन. टाळ्या वाजल्या. एल्स्पेटने शिडीवर पाय ठेवला आणि पलीकडे उतरली. ड्रमॅशवर उभी राहिली. माझ्याकडे वळून बघितलं तिने. ते तोंड मी विसरणार नाही.

मग चढ सुरू झाला. ती दहा पावलं टाकायची आणि थांबायची. मंडळी सुरुवातीला थांबली, मग विनोद करत थांबली, मग नुसतीच थांबली, मग थोडी थोडी पुढे सरकली. डोंगरी माणसांना हळू चालता येत नाही, पाय शिवशिवतात त्यांचे. कुणीतरी म्हणालं, "या वेगाने आपण ईस्टरला पोचू." एल्स्पेट हसली आणि त्या हसण्याने तिला ढास लागली. नेच्यांच्या वर आम्ही पोचलो तेव्हा वर ढग उतरायला लागला होता. मेंढवाड्याच्या भिंतीशी ती बसली. ओठ निळे पडले होते.

मिस्टर गिलफिलन वरून परत खाली आले. "हेक्टर, हवा बिघडतेय. फोटो हवा असेल तर आत्ताच. पाइपवाल्यालाही पुढे लग्नाला जायचंय."

हेक्टरने वर बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "जाऊन दाखव. फक्त जाऊन दाखव."

"तू हो पुढे," एल्स्पेट म्हणाली. "मी येते मागून."

आता, बायको असं म्हणते तेव्हा शहाण्या माणसाने काय समजायचं असतं? जगातला कुठलाही नवरा समजला असता. पण हेक्टर आकडे वाचणारा माणूस. जे लिहिलंय ते वाचायचा.

"मी वर जाऊन लगेच उतरतो, मग तुला हात देतो," तो म्हणाला आणि निघाला. पाठीवरच्या पिशवीत तिचे बूट.

आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. एक मेंढी आमच्याकडे बघत चरत होती. बऱ्याच वेळाने वर ढगात बॅगपाइप सुरू झाला, मग ओरडा, मग हशा, मग पुन्हा ओरडा.

"झालं वाटतं त्याचं," ती म्हणाली.

"झालं असेल. मेला."

"असं नको म्हणू गं." आणि मग ती उठली. भिंतीला धरून उठली आणि चालायला लागली. मी तिच्या काखेत हात घातला. आम्ही हेदरमध्ये शिरलो. गमबूट निघून यायचे, मी बसून पुन्हा घालायचे. ती बोलत नव्हती, श्वासच पुरत नव्हता. पण चालत होती हो. रास दिसत नव्हती, पण चढ कमी झाला होता, माझ्या लक्षात आलं होतं की आता थोडंच राहिलंय.

आणि ढगातून मंडळी खाली आली. तोंडं लाल, गळ्यात हात, गाणी. सगळ्यांत पुढे हेक्टर, गळ्यात तो टाय.

"अगं, इथवर कशाला आलात!" तो म्हणाला. "पाऊस येतोय, चल, फिर मागे. वर काही दिसत नाही गं, नुसतं धुकं. काही हुकलं नाही तुझं."

खरं बोलला तो. नेहमीसारखं.

मला वाटलं आता ती ओरडेल. माझी तर मूठ वळली होती. एल्स्पेटने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या टायकडे बघितलं, आणि तो तिरका झाला होता तो सरळ केला. मग त्याचा हात धरून वळली. उतरताना तिने एकदाही मागे बघितलं नाही. खाली शिडीपाशी तिला केकचा तुकडा दिला, तो तिने मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याला घातला.

त्यानंतर ती अंथरुणातून फारशी उठली नाही. पलंग खिडकीपाशी होता, तो तिने भिंतीकडे फिरवायला लावला. हेक्टरला वाटलं उजेडाचा त्रास होतो. तो तिच्याजवळून हलत नव्हता आता, रविवारीही नाही. जायला राहिलंच काय होतं? नोव्हेंबरात एका संध्याकाळी तो तिचे पाय चोळत होता आणि म्हणाला, "वसंत येऊ दे, एल्स्पेट. मी तुला पाठीवर घेऊन जातो. वरपर्यंत."

"नको," ती म्हणाली.

"का गं?"

"वर काही दिसत नाही म्हणालास ना."

रागाने नाही म्हणाली. मीटरचा आकडा वाचून दाखवावा तशी म्हणाली. हेक्टरचा हात तिच्या पायावर तसाच राहिला. मग ती माझ्याकडे वळली. "मला पोर्टगॅरीला नेऊन पुरा. आईजवळ. सपाट जागेत. इथे नको." हे सगळं त्याच्यादेखत.

तो बाहेर गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. "बेल्डी, आता सांग. दिसतो का?"

इतकी वर्षं ते माझ्या तोंडात होतं. "दिसतो," मी म्हटलं. "हवा स्वच्छ असली की दिसतो. पूर्वेला, बारीकशी चकचकीत रेघ. आपलाच."

"बुधवारी दिसला असता," ती म्हणाली. आणि झोपल्यासारखं केलं. त्या आठवड्यातच गेली.

पोर्टगॅरीला नेलं तिला. तिथे जायला अर्धा दिवस लागतो, दोन गाड्या बदलाव्या लागतात, हेक्टर महिन्यातून एकदा जातो. एरवी त्याला रविवारचं काय करावं कळत नाही, म्हणून मी त्याला जेवायला ये म्हटलं. लोकांना वाटतं बेल्डीचं मन विरघळलं. मला तो डोळ्यांसमोर हवा आहे, एवढंच.

परवा ईस्टर झाला. अंडी आता मी उकडते. तिच्यासारखा रंग येत नाही. टोपली घेऊन शिडीपाशी उभी होते, पोरं आरडाओरडा करत वर पळाली होती, हवा अशी स्वच्छ की बस. तेवढ्यात हेक्टर आला. हातात ते बूट, नाड्यांनी एकमेकांना बांधलेले. यंदाही चोळलेले, चामडं चमकत होतं.

"हे वर नेऊन ठेवावेत म्हणतो," तो म्हणाला. "दगडांच्या राशीवर. पण मेंढवाड्याच्या पुढे मला एकट्याला जाता येत नाही, बेल्डी. दोनदा परत आलो. पाय उचलत नाही. तू चल ना बरोबर."

म्हातारा झालाय तो. मान हलते आताशा. मी टोपली खाली ठेवली आणि हसून म्हटलं, "तू हो पुढे. मी येते मागून."

तो शिडी चढून पलीकडे उतरला. नेच्यांपर्यंत जाता जाता चारपाच वेळा मागे वळला, मी हात हलवला. मेंढवाड्याशी पोचला, भिंतीला टेकून बसला, बूट मांडीवर घेतले आणि खाली माझ्याकडे तोंड करून वाट बघायला लागला. मी टोपली उचलली आणि घरी येऊन खिमा चुलीवर ठेवला.

खिडकीतून दिसत होता. पोरं खाली आली, त्याच्या बाजूने पळत गेली, तरी तो बसलेलाच. दुपारून पाऊस आला, बराच आला. मग दार वाजलं, पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला. तो आत आला तेव्हा अंगावरून पाणी ठिबकत होतं, आणि तो जोड त्याने कोटाच्या आत, छातीशी कोरडा ठेवला होता.

"वाट बघत होतो," तो म्हणाला.

"हो का? किती वेळ?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला जे लिहिलेलं नव्हतं ते वाचता आलं. तो खुर्चीत बसला, बूट टेबलाखाली ठेवले, आणि मी त्याला पातेल्याच्या तळाचं वाढलं.